जिभेखालची गोळी

“आ करा,” सिस्टर म्हणाली, आणि माझ्या नवऱ्यानं भर सकाळी, चार माणसांच्या देखत, तिच्यासमोर जीभ बाहेर काढली.

मी दाराशी उभी होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदा घरचं माणूस घेऊन या, म्हणून हाताची कणीकसुद्धा नीट न धुता आले होते. त्यानं जीभ बाहेर काढली, मग वर टाळूला लावली, मग डावा गाल ताणून दाखवला, मग उजवा. सगळं न सांगता, पाठ असल्यासारखं.

“शाबास,” सिस्टर म्हणाली. तिचे हात तोवर पुढच्या माणसाची गोळी कुटायला लागले होते. “जा आता. आणि दुपारी वेळेवर जेवा.”

“हो सिस्टर.”

हो सिस्टर! लग्नाला नऊ वर्षं होत आली होती. ‘वेळेवर जेवा’ म्हटल्यावर माझ्या वाट्याला कधी ‘हो’ आलं नव्हतं. यायचा तो हुंकार, नाहीतर भिरकावलेलं ताट.

त्याचं नाव शिवदास. नवऱ्याचं नाव घ्यायला बायका लाजतात, पण माझी लाज पोलीस चौकीच्या टेबलापाशी झिजून गेली. “कोण लागतो तुमचा? नाव बोला. मोठ्यानं बोला, बाई.” मोठ्यानं बोलून बोलून सवय झाली. तोंडावर मात्र मी त्याला अहो-जाहोच करायचे आणि मनात अरे-तुरे. गर्द ओढणाऱ्या नवऱ्याला याहून जास्त मान देणं मला जमलं नाही.

भोसरीत, कंपन्यांच्या मागच्या अंगाला आमची वस्ती. तो चांगला लेथवर काम करायचा, हात कसबी होता. मग कुणीतरी गर्दची चव दाखवली आणि तेच हात दुसऱ्या कामाला लागले. लोकांच्या घराबाहेरची पाण्याची मीटरं तो काढायचा. मीटर पितळेचं असतं, भंगारवाला डोळे झाकून घेतो. पाना लावला की मीटर निघायचं आणि गल्लीत कारंजं उडायचं. सकाळी बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या की आधी आमच्या दाराकडे बघायच्या. शेवटी एकदा पाना हातात असतानाच तो सापडला आणि येरवड्याला गेला. पोरीला मी तेव्हाच आईकडे बारामतीला ठेवलं.

येरवड्याहून सुटला त्याच संध्याकाळी शेजारच्या दिवटेकाकूंचं मीटर गेलं. एवढी शिक्षा भोगून आलेला माणूस घरी चहासुद्धा न पिता सरळ पाना शोधायला गेला. तेव्हा मला कळलं की तुरुंगात माणूस ठेवता येतो, पण त्याची तलफ काही तिथं संपत नाही.

मग कुणी तरी त्याला वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत नेलं. तिथं गर्द सुटावं म्हणून गोळी द्यायचे. गोळी साधीच, पांढरी. ती कुटून जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. गिळली तर वाया. बोललं तरी लाळेबरोबर जायची, म्हणून बोलायचं नाही. विरघळली की तोंड उघडून दाखवायचं, कारण काही जण गालात ठेवून बाहेर जाऊन विकायचे. घरी गोळी द्यायची नाही, असा नियम. रोज यायचं, बाकावर बसायचं, जीभ दाखवायची.

हे सगळं सांभाळायची ती एस्तेर साळवे. नगरकडची, पन्नाशीला आलेली, पायाच्या नसा फुगलेल्या, म्हणून पांढऱ्या साडीखाली कॅनव्हासचे बूट. देखणी असती तर बरं झालं असतं. देखण्या बाईशी कसं भांडायचं, हे मला माहीत होतं. हिच्याशी काय भांडणार? तरी मी जळत होते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

कारण सरळ होतं. त्याचं गर्द सुटावं म्हणून मी काय केलं नव्हतं? सोमवार धरले, गुरुवार धरले. त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घालायला लावली. एकदा तर त्याला कॉटला नायलॉनच्या दोरीनं बांधून वर मीच रडत बसले. त्यातलं एकही लागू पडलं नाही. आणि ही बाई चिमूटभर पूड जिभेखाली ठेवते, ‘शाबास’ म्हणते, आणि माझा नवरा महिनोन् महिने पाना हातात घेत नाही!

घरी आल्यावर तर कहरच. जेवताना, झोपताना, चहा पिताना एकच.

“सिस्टर म्हणाली, तिखट कमी खा.”

“बरं.”

“सिस्टरच्या दारात पपईचं झाड आहे. फुलं येतात, फळ येत नाही. नर निघालं म्हणे.”

“हे तुम्हाला कधी सांगितलं तिनं?”

“गोळी विरघळेपर्यंत. आपल्याला बोलता येत नाही ना, मग ती बोलते. पपईचं, तिच्या आईच्या गुडघ्यांचं. बरं वाटतं ऐकायला.”

मी पोळी तव्यावर जरा जास्तच वेळ ठेवली. मी मेसला पोळ्या लाटून द्यायचे. सकाळभर लाटणं चालू असायचं आणि तोंडही चालू असायचं. माझं ऐकून त्याला कधी बरं वाटल्याचं मला आठवत नव्हतं.

“मला दाखवा बरं जीभ,” मी एकदम म्हणाले.

“काय?”

“तिला दाखवता तशी. मी काय परकी आहे?”

तो हसला. बऱ्याच वर्षांनी तो असा मोकळा हसला होता, आणि त्याचाही मला राग आला.

एकदा मी एकटीच गेले सिस्टरकडे. निमित्त काय, तर तो डबा विसरला होता. खरं म्हणजे डबा मीच लपवला होता. सिस्टरनं मला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. मी म्हटलं, चहा सोडलाय.

“सिंधूताई, शिवदास चांगला चाललाय हां,” ती म्हणाली. “तुमच्यामुळं.”

“माझ्यामुळं कसलं? तुम्हीच काय ते करताय.”

“गोळी करते. मी फक्त ठेवते.”

“एक विचारू? एका नशेच्या जागी दुसरी नशा, असं म्हणतात लोक.”

ती चिडली नाही. असल्या बायकांना राग येत नाही, आणि आपल्याला मात्र जास्तच येतो. “माझ्या आईला शुगर आहे,” ती म्हणाली. “रोज सुई घेते. तिला कुणी म्हणत नाही की सुईची सवय लागली म्हणून. शिवदास या गोळीवर कामाला जातो, जेवतो, झोपतो. कुणाचं काही उचलत नाही. मग तिला काय नाव द्यायचं ते लोकांनी ठरवावं.”

बोलणं बिनतोड होतं. मी डबा ठेवला आणि निघाले. जाताना दिसलं, बाहेरच्या पायरीवर सात-आठ जण गोळीची वाट बघत बसले होते आणि समोर एक हवालदार मोटरसायकलला टेकून त्यांच्याकडे बघत होता. चौकीत केस कमी पडली की ते इथूनच कुणाला तरी उचलून न्यायचे. शोधायचे कष्ट नाहीत, सगळे एका पायरीवर सापडतात.

अशातच त्याच्या ठेकेदारानं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून पहिली पाळी. सकाळी सातला मशीनवर उभं राहायचं, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. आणि ती खोली उघडायची दहाला, बंद व्हायची दुपारी एकला.

तो घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. ते बसणं मी ओळखत होते. गर्द मिळायचं नाही तेव्हा तो असाच बसायचा.

“गोळी सोडा मग,” मी म्हणाले.

“सोडली तर आठ दिवसांत परत पाना हातात येईल. मला माहितीये.”

“मग काम सोडा.”

“काम सोडलं तरी तेच. रिकामा बसलो की पाय पुलाकडं वळतात.” पुलाखाली गर्दवाले बसायचे. “सिस्टरशी बोलतो. सिस्टर काहीतरी करेल.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर माझं, नवरा माझा, पोरगी माझी. पण अडचण आली की दार त्या बाईचं.

सिस्टरला काही करता आलं नाही. गोळी तिच्यासमोरच घ्यायची, हा नियम वरचा होता. उलट तिच्याच खोल्या बंद व्हायची वेळ आली. वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला होता की दवाखान्यामागचं हे गर्दुल्ल्यांचं ठाणं हलवा. समाजमंदिरात सभा ठरली. नगरसेवक जांभळे येणार होते, आणि वरच्या ऑफिसातले कुणी साहेब. साहेबांनी एकदा लिहून दिलं की मग खोल्या बंद म्हणजे बंद.

“तुम्ही या,” सिस्टरनं मला निरोप पाठवला. “घरच्या माणसानं बोललं तर ऐकतील.”

मी तिच्यासाठी बोलायला मुळीच जाणार नव्हते. मी लग्नातला शालू नेसून गेले ती दोन गोष्टी बघायला: ती काय बोलते, आणि ती बोलत असताना माझा नवरा तिच्याकडे कसा बघतो.

समाजमंदिर गच्च भरलं होतं. पहिल्यांदा दिवटेकाकू उठल्या. “माझं मीटर दोनदा गेलं! दोनदा! नाव घेत नाही मी कुणाचं.” सगळ्यांनी माना वळवून आमच्याकडे बघितलं. शिवदासनं मान खाली घातली.

मग एक जण उठला, सरकारी खर्चानं नशा का, म्हणून ओरडला. दुसरा म्हणाला, पायरीवरून आमच्या मुलींना जायला नको वाटतं. जांभळे प्रत्येकाला ‘बरोबर आहे, बरोबर आहे’ म्हणत होते. डॉक्टर बोलले, ते तर कुणी ऐकूनच घेतलं नाही. साहेब चष्मा पुसत बसले होते.

शेवटी सिस्टर उभी राहिली. कॅनव्हासचे बूट, हातात काही नाही. आवाज नेहमीचाच, हळू. “मी जास्त बोलत नाही,” ती म्हणाली. “तुमच्यातलाच एक माणूस इथं बसलाय. हे आमचे शिवदास. यांना विचारा.”

आमचे.

मी उभी राहिले कधी, हे मलाच कळलं नाही.

“आमचे?” मी म्हणाले. “कोणाचे आमचे?”

जांभळे हातानं ‘बसा, बसा’ करायला लागले.

“माझा नवरा आहे तो. नऊ वर्षं माझा आहे. तो गर्द ओढत होता तेव्हा माझा होता, येरवड्यात होता तेव्हा भेटीला मी जात होते. आता जरा माणसात आला तर तुमचा कसा झाला?”

मागून कुणी तरी हसलं. शिवदासनं माझा पदर ओढला. “सिंधू, खाली बस.”

“नाही बसत. साहेब, तुम्ही लिहून घ्या. हा रोज सकाळी या बाईसमोर तोंड उघडून बसतो. जीभ काढून दाखवतो. का? मी मेलेय का? मला डोळे नाहीत? तिला दिसतं ते मला दिसत नाही?”

आता सगळेच हसायला लागले. जांभळेही हसले. “अहो वहिनी, तो औषधाचा नियम आहे.”

“नियमच म्हणतेय मी. त्याला पहिली पाळी लागलीय. सातला मशीनवर पाहिजे. ही खोली उघडते दहाला. मग यानं काय करायचं? दहापर्यंत त्या पायरीवर बसायचं. तुम्ही म्हणता पायरीवर गर्दुल्ले बसतात. बसणारच! बसवलंय कुणी त्यांना? हौस आहे का त्यांना? द्या ती गोळी माझ्या हातात. मी देईन पहाटे उठून. मी बघेन जिभेखाली. सातला कामावर पाठवेन. तुमची पायरी मोकळी, त्या हवालदाराला उभं राहायला नको, आणि माझा नवरा माझ्या घरात तोंड उघडेल. सरकारचा बायकोवर विश्वास नाही का?”

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला होता.

तेवढ्यात दिवटेकाकू म्हणाल्या, “आणि आमच्या मीटरचं काय?”

“काकू, खरं सांगा,” मी म्हणाले. “दोनदा गेलं. मीच सांगते, यानंच नेलं. एकदा तुरुंगात जायच्या आधी आणि एकदा तुरुंगातून आल्या दिवशी. पण हा या बाईकडं जायला लागल्यापासून तुमचं मीटर एकदा तरी गेलं का?”

काकूंनी जरा विचार केला. बाई तोंडाळ असली तरी खोटं बोलणारी नव्हती. “नाही गेलं,” त्या म्हणाल्या.

“नाही ना गेलं? ते तुरुंगानं थांबवलं नाही, पोलिसांनी थांबवलं नाही. माझ्या उपासांनी पण नाही थांबलं. या बाईमुळं थांबलं.” माझा आवाज फाटला. “आणि त्याचाच मला राग आहे!”

मी खाली बसले आणि पदरानं तोंड पुसलं. नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. सिस्टरकडे बघितलं तर ती हसत नव्हती. ती उठून साहेबांपाशी गेली आणि म्हणाली, “या बाई म्हणतात ते मी दोन वर्षं मागतेय, साहेब.”

खोल्या बंद झाल्या नाहीत. थोड्या दिवसांनी वरून उत्तर आलं. प्रयोग म्हणून, ज्यांच्या घरी जबाबदार माणूस आहे अशा मोजक्या लोकांना आठवड्याच्या गोळ्या घरी. कुलपाचा डबा, किल्ली घरच्या माणसाकडे. साहेबांनी मला समोर बसवून बजावलं, “समोर बसवून द्यायची, तोंड बघायचं. एक जरी गोळी बाहेर सापडली तर हे बंद. तुमचं एकटीचं नाही, सगळ्यांचं.”

सिस्टरनं मला गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून पूड करायला शिकवली. किल्ली हातात देताना म्हणाली, “घ्या, तुमचा माणूस.” चेष्टा होती की काय, कळलं नाही. मी किल्ली मंगळसूत्रात ओवली.

पहिल्या सकाळी मी त्याला चुलीसमोर पाटावर बसवलं. पूड जिभेखाली ठेवली. त्यानं तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघत बसला.

किती दिवस मी या घडीची वाट बघत होते! त्याला बोलता येणार नव्हतं. उठून जाता येणार नव्हतं. नऊ वर्षांचं सगळं साठवून ठेवलं होतं मी: विकलेली जोडवी, चौकीचे खेटे, पोरगी दारात उभी राहून रडायची ते. आणि तोंडातून काय निघालं?

“त्या पपईचं मग काय केलं सिस्टरनं?”

त्यानं हातानं झाड तोडल्याची खूण केली. मला हसू आलं. मग मी आपली मेसच्या मालकाचं, दिवटेकाकूंच्या नव्या मीटरचं असं काहीबाही बोलत राहिले. तो ऐकत होता. खरंच ऐकत होता.

“आ करा,” मी म्हणाले.

बॅटरी घेऊन मी जिभेखाली बघितलं, दोन्ही गाल बघितले, हिरड्यांमागं बघितलं. त्याचे मागचे दात किती किडले होते, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

“झालं?” तो म्हणाला. “सिस्टर एवढं नाही बघायची.”

“म्हणजे?”

“पहिल्या महिन्यात बघितलं. मग नुसतं ‘आ करा’ म्हणायची आणि पुढच्याची गोळी हातात घ्यायची. मी आपली जीभ काढायचो.”

मी बॅटरी बंद केली. मला आठवलं, मी दाराशी उभी होते तेव्हाही तिचे हात दुसऱ्याच्या गोळीत होते. मी जीभ बघत राहिले होते, तिच्या डोळ्यांकडे बघितलंच नव्हतं. इतके दिवस मी जळत होते ते ती बघते म्हणून. आणि ती बघतच नव्हती. तिचा विश्वास बसला होता. मी नऊ वर्षांची बायको, आणि मला त्याच्या तोंडात बॅटरी मारावी लागत होती.

हे आधीच्या जळण्याहून वाईट होतं. आठवडाभर मी रोज बॅटरी मारली, आणि रोज मला सिस्टर माझ्या मागं उभी राहून हसतेय असं वाटायचं.

मग एक दिवस ठरवलं. तिला जमतं ते मला का जमू नये? त्या सकाळी पूड दिली, पोळ्या लाटायला बसले. वेळ झाली तसं वळूनही न बघता म्हणाले, “झालं असेल. जा कामाला.”

तो उठला नाही.

“जा ना. पाळी चुकेल.”

“तू बघितलं नाहीस.”

“नाही बघत. तुमची सिस्टर नव्हती बघत, मी कशाला बघू? माझा काय विश्वास नाही?”

“सिंधू, तू बघ.”

आवाज असा होता की लाटणं हातातच राहिलं. मी वळले. तो पाटावर तसाच बसला होता, गुडघे जवळ घेऊन.

“सिस्टर बघत नव्हती ना,” तो म्हणाला, “तेव्हा एकदा मी ठेवली होती गालात. दिवाळीच्या आधी. पुलाखाली जाऊन विकली. आणि तिथंच बसून ओढलं.”

मी लाटणं पोळपाटावर ठेवलं.

“एकदाच. पण दुसऱ्या दिवशी गेलो तर ती म्हणाली शाबास. त्या दिवसापासून ते शाबास ऐकलं की मला जमीन दुभंगावी असं वाटायचं. तिला नाही सांगता आलं मला. तिनं एवढा विश्वास टाकलेला, कसं सांगू? काल पुलाखालचा एक जण भेटला. म्हणाला, तुझ्याकडं तर आता डबाच आहे घरी. रात्रभर डोक्यात तेच. आज गालात ठेवू का, असं आलं होतं मनात. तुझी बॅटरी आहे म्हणून नाही ठेवली.” तो थांबला. “माझाच माझ्यावर विश्वास नाही गं बसला अजून. तू कशाला बसवतेस?”

मला संताप यायला हवा होता. आलाही, पण मागाहून. आधी जे आलं तेच सांगते, कारण एवढी वर्षं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. एवढी घाण गोष्ट, दिवाळीच्या तोंडावर माझ्या पोरीचा बाप पुलाखाली बसून गर्द ओढत होता, आणि मला आतून गार वाटलं. कारण हे एस्तेर सिस्टरला माहीत नव्हतं. तिला त्यानं जीभ दाखवली होती, आणि हे मला दाखवलं होतं.

“सिस्टरला सांगशील?” त्यानं विचारलं.

“मी कशाला सांगू? तुमची सिस्टर आहे. तुमचं तुम्ही सांगा.”

तो हसला नाही, पण त्याचे खांदे जरा खाली आले. मी हाताची कणीक परातीच्या काठाला पुसली, फळीवरची बॅटरी काढली आणि त्याच्यासमोर खाली बसले.

“आ करा,” मी म्हणाले.